दुकानाचं नाव नक्की काय?

१५ एप्रिल २०२५, मंगळवार. सकाळचे दहा वाजून गेले तरी दुकानाचा फोन एकदाही वाजला नव्हता.

आमचं मोटरी भरायचं दुकान आहे. फलटणला, शिंगणापूर रोडला. जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायची, कागदावर त्याला मोटर रिवाइंडिंग म्हणतात, पण गिऱ्हाईक 'मोटर भरून पायजे' असंच म्हणतं. मार्च ते मे हा आमचा सुगीचा काळ. विहिरी तळाला जातात, बोअरची मोटर कोरडी फिरते, रात्रीच्या लाइटीत एखादा फेज उडतो आणि मोटर जळते. मोटर जळालेल्या माणसाला दम नसतो. उसाची पाळी चुकते, डाळिंबाची फुलं गळतात. त्यामुळे या दिवसांत शटर वर जायच्या आधीच फोन सुरू होतो. आणि त्या दिवशी चिडीचूप.

आधी वाटलं रिचार्ज संपला. मग मीच माझ्या फोनवरून दुकानाचा नंबर लावून बघितला, तर टेबलावरचा फोन खणखणीत वाजला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "काल चौदा एप्रिलची सुट्टी होती, लोक मिरवणुकीच्या दमात असतील." दुपारी दहिवडीकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "वहिनी, दुकान बंद केलं का काय? मोबाइलवर दिसंना. पोरानं जुनं बिल हुडकलं तवा नंबर घावला."

मी नकाशा उघडला. गूगलच्या नकाशात दुकानाचं नाव टाकलं, काही नाही. इंग्रजीत टाकलं, काही नाही. बोटांनी नकाशा मोठा करत करत आमच्या रस्त्यावर आणला. शेजारचं खताचं दुकान होतं, समोरचं गॅरेज होतं, पलीकडचा रसवंतीवालासुद्धा होता. मध्ये आम्ही नव्हतो.

नवऱ्याच्या जीमेलमध्ये न वाचलेल्या अकरा हजार मेल आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातच १२ तारखेची गूगलची एक होती: तुमचं बिझनेस प्रोफाइल (म्हणजे नकाशावरची दुकानाची नोंद) धोरणांशी जुळत नसल्यामुळे निलंबित केलं आहे. खाली नियमावलीची आणि अपील करायची लिंक. तीन दिवस ती मेल कर्जाच्या आणि शर्टांच्या जाहिरातींमध्ये बसून होती.

या निलंबनाचे व्यवहारात दोन प्रकार मानतात, हे मी त्या रात्री शिकले. एकात नोंद नकाशावर दिसत राहते, फक्त तुमच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतात. दुसऱ्यात नोंदच नकाशावरून आणि सर्चमधून जाते. आमचं दुसरं होतं. सात वर्षांत जमलेले १३७ रिव्ह्यू, फोटो, वेळा, सगळं गेलं.

आता थोडं मागे जायला हवं, नाहीतर दोष कुणाचा ते नीट कळणार नाही.

ही नोंद नवऱ्यानं २०१८ मध्ये केली. तेव्हा तिला गूगल माय बिझनेस म्हणायचे. पोस्टानं एक कार्ड आलं होतं, त्यावर कोड होता. पोस्टमननं ते कार्ड अण्णांच्या हातात देऊन विचारलं होतं, "अण्णा, गूगलात नोकरी लागली का?" कोड टाकला, नोंद सुरू झाली आणि लांबलांबची गिऱ्हाइकं यायला लागली. माण, खटाव, माळशिरस. आधी आमचं नाव फार तर तालुक्यापुरतं होतं.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्या सेवेचं नाव बदलून बिझनेस प्रोफाइल झालं. पुढच्या वर्षी तिचं वेगळं ॲपही बंद झालं आणि सगळा कारभार थेट सर्च आणि नकाशातूनच करायचा झाला. नवऱ्याचा तिथेच धागा सुटला. ॲप दिसेना म्हटल्यावर त्यानं विषयच सोडला. त्याचं डोकं वायंडिंगच्या वेढ्यांत चालतं, मोबाइलमध्ये नाही.

मग २०२४ मध्ये एक मुलगा आला. शेजारच्या तालुक्यातला, बोलायला गोड. "दादा, तुम्हाला नंबर एकला आणतो. वर्षाचे सहा हजार." नवऱ्यानं दिले. त्यानं मागितला म्हणून व्हेरिफिकेशनचा कोडही दिला. नोंदीचा मुख्य मालक म्हणून त्यानं स्वतःचं खातं लावलं आणि नवऱ्याला ठेवलं नुसता मॅनेजर. आम्ही विचारलंच नाही. फोन वाढले होते ना.

त्यानं केलं काय, ते आता उघडकीला आलं. पाटीवर आमच्या देवाचं नाव आणि पुढे 'इलेक्ट्रिकल्स', एवढंच आहे. नकाशावर त्याच्या शेपटीला जोडलं होतं: मोटर रिवाइंडिंग, सबमर्सिबल पंप रिपेअर, बेस्ट इन फलटण, चोवीस तास. चोवीस तास! रात्री साडेआठला अण्णा जेवतात आणि त्यानंतर मुख्यमंत्री आले तरी शटर उघडत नाही. नकाशावरची खूण त्यानं एसटी स्टँडजवळ सरकवली होती, कारण तिथे शोधणारे जास्त. वर्षभर गिऱ्हाइकं स्टँडवर मोटर घेऊन उभी राहायची आणि फोन करायची, "आलो बघा, कुठाय दुकान?" आम्हाला वाटायचं, मोबाइलच येडा आहे. वर बारामतीत त्यानं आमची एक 'शाखा' पण काढली होती. त्या पत्त्यावर केस कापायचं सलून आहे.

नियम अगदी साधे आहेत. नाव पाटीवर, बिलावर, लोकांच्या व्यवहारात जे आहे तेच. गावाचं नाव, कामांची यादी, 'बेस्ट' वगैरे चिकटवायचं नाही. जिथे तुमचा माणूस बसतो तोच पत्ता. एका जागेवरच्या एका धंद्याला एकच नोंद. आमच्याकडून यातलं सगळंच मोडलं होतं. पैसे घेऊन करणारा तो, पण नोंद आमच्या दुकानाची होती.

हे सगळं मला १५ एप्रिलला माहीत नव्हतं, म्हणून १६ तारखेला मी पहिली चूक केली.

अपील करायला वेगळं साधन आहे. प्रोफाइल निवडायचं, अपील दाबायचं, मग पुरावे जोडायची खिडकी येते. ती खिडकी उघडल्यापासून साठ मिनिटांत कागद चढवायचे. मी आधी खिडकी उघडली आणि मग कागद शोधायला उठले.

त्या एका तासाचं वर्णन करण्यासारखं आहे. लोखंडी कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, आणि सासूबाई हळदीकुंकवाला. त्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं, आत्ता ओटी भरत्यात माझी." नवरा मोटरसायकलवर जाऊन किल्ली घेऊन आला. शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानाचा परवाना, निघाला, लॅमिनेट केलेला, त्याच्यावर ट्यूबचा उजेड चमकतोय म्हणून फोटो येईना. तो मी गच्चीत नेऊन काढला. लाइट बिल दोन महिन्यांपूर्वीचं मिळालं, त्याच्या मागे अण्णांनी दुधाचा हिशेब केलेला. उद्यमचं प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, सीएससी सेवा केंद्रवाल्याच्या व्हॉट्सॲपवर होतं, त्याला तीन वेळा फोन केला. बावन्नाव्या मिनिटाला मी 'सबमिट' दाबलं आणि पाठीला घाम आला होता.

२२ एप्रिलला उत्तर आलं: अपील मंजूर नाही.

मी चिडले होते. रात्री जेवताना तणतणत होते की एवढे कागद दिले, सरकारी दिले, आणखी काय पाहिजे. अण्णा शांतपणे भाकरी कुस्करत म्हणाले, "तू जुनी वायंडिंग काढायच्या आधी वेढे मोजलं का?"

आमच्या धंद्यात जळकी मोटर आली की पहिली तार कापत नाहीत. आधी मोजतात. कुठल्या खाचेत किती वेढे, तार किती गेजची, कनेक्शन कसं. अण्णांच्या तीन वह्या आहेत, त्यात १९८९ पासूनच्या मोटरींचे वेढे लिहिलेले आहेत. न मोजता फाडली की मग अंदाजानं भरायची, आणि अंदाजानं भरलेली मोटर आठ दिवसांत परत येते.

दुसऱ्या दिवशी मी बिलबुक उलटं केलं आणि कोऱ्या पाठीवर लिहायला बसले. आमच्या दुकानाचं नाव कुठे काय आहे?

शॉप ॲक्ट: देवाचं नाव, पुढे 'इलेक्ट्रिकल वर्क्स'. तोही १९४८ च्या जुन्या कायद्याखालचा, मुदत केव्हाच संपलेला. उद्यम: देवाचं नाव, पुढे 'इलेक्ट्रिकल्स'. तिथे 'वर्क्स' टाइप करायचा कंटाळा सीएससीच्या पोरानं केला असणार. पाटी: 'इलेक्ट्रिकल्स'. तिचीही गंमत आहे. २०२२ मध्ये कायदा बदलून दहाच्या आत कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. ती बातमी वाचून अण्णांनी जुनी इंग्रजी पाटी उतरवली. नव्या पाटीवर अक्षरं मोठी घ्यायची म्हणून पेंटरला जागा पुरेना, त्यानं 'अँड मोटर रिवाइंडिंग वर्क्स' गाळून टाकलं. बिलबुकावर मात्र ते अजून होतं. बँकेत खातं अण्णांच्या नावावर. लाइट बिल अण्णांच्या नावावर. आणि नकाशावर ती लांबलचक इंग्रजी शेपटी.

पत्ताही तसाच. उद्यमवर 'शिंगणापूर रोड, फलटण'. लाइट बिलावर 'मु. पो. कोळकी, ता. फलटण'. दोन्ही खरंच आहे. आमचं दुकान फलटणच्या वेशीला लागून असलेल्या कोळकी गावात येतं. ग्रामपंचायतीची घरपट्टी आम्ही कोळकीत भरतो आणि कुणी विचारलं तर फलटण सांगतो. इथल्या माणसाला यात काही खटकत नाही. पण जो हजारो कोस लांबून तीन कागद शेजारी शेजारी ठेवून बघतोय, त्याला ती तीन वेगळी दुकानं वाटली तर त्यात त्याचं काय चुकलं? मीसुद्धा उधारी देताना आधार आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतंय का बघतेच की.

मग घरात चर्चा सुरू झाली, की आपल्या दुकानाचं नाव नक्की काय?

नवऱ्याचं म्हणणं, नियम पाटीसारखं नाव असावं असा आहे ना, मग पाटीच बदलू. 'मोटर रिवाइंडिंग, बेस्ट इन फलटण' असं पाटीवरच लिहू, म्हणजे नकाशावर पण चालेल. बुद्धी बरोबर चालली होती, दिशा चुकली होती. अण्णा म्हणाले, "आपल्याच पाटीवर आपणच बेस्ट लिवायचं? उद्या गिऱ्हाईक म्हणंल, ह्यांचं काम बोलत नाय म्हणून पाटी बोलतीय." विषय मिटला.

सासूबाई म्हणाल्या, "नाव काय करायचंय? सगळी मोटरवाल्या अण्णांचं दुकानच म्हणत्यात." तेही खरं होतं. रिव्ह्यूंमध्येसुद्धा लोक तेच लिहायचे. पण कुठल्याही कागदावर ते नव्हतं.

शेवटी जे पाटीवर आणि उद्यमवर आधीच जुळत होतं तेच धरलं. देवाचं नाव, पुढे 'इलेक्ट्रिकल्स'. सगळ्यात कमी कागद बदलावे लागणार होते, हे खरं कारण.

शॉप ॲक्टचं काम मी समजत होते तेवढं अवघड निघालं नाही. २०१७ च्या नव्या कायद्यात तेव्हा दहाच्या आत कामगार असतील तर परवान्याची भानगड नव्हती, ऑनलाइन नुसती सूचना द्यायची, त्याची पावती मिळायची. आम्ही चौघं आणि दोन पोरं. पावतीवर मालक म्हणून अण्णांचं नाव आलं. हा दुवा फार कामाचा ठरला. लाइट बिलावर दुकानाचं नाव नव्हतं, अण्णांचं होतं. पावतीवर दुकान आणि अण्णा दोघंही होते. आता लाइट बिल दुकानाशी बांधलं गेलं. उद्यमवरचा पत्ता घरबसल्या दुरुस्त झाला, आधारचा ओटीपी टाकून, फुकट. सगळीकडे एकच ओळ केली: शिंगणापूर रोड, कोळकी, ता. फलटण. मग तीच ओळ जस्टडायलवर, इंडियामार्टवर आणि फेसबुकच्या पानावरही केली. तिथे एका ठिकाणी अजून अण्णांचा लँडलाइन होता, जो २०१५ मध्ये कापला.

अवघड काम त्या पोराचं होतं. मुख्य मालकी त्याच्याकडे. त्यानं आमच्यासारख्या आणखी कितीतरी दुकानांच्या नोंदी त्याच खात्यावर ठेवल्या होत्या. फोन उचलेना. कुणाकडे मालकी अडकली असेल तर गूगलकडे ती मागायची विनंती करता येते, समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. ती मी केली. पण खरं काम आमच्या शेजारच्या खतवाल्यानं केलं. त्या पोराचा चुलता त्याच्याकडून खत नेतो. चुलत्याला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी पोरगं स्वतः दुकानात आलं, मान खाली घालून. म्हणालं, "काकी, सगळीच असं करतात." मी म्हटलं, "बस. आधी मालकी दे, मग बोलू."

आणि इथे सात दिवसांचा खिळा बसला. नोंदीत नव्यानं मालक म्हणून घेतलेल्या माणसाला पहिले सात दिवस मुख्य मालकी देता येत नाही. त्याला दुसऱ्या कुणाला काढताही येत नाही. चोरांच्या हातात नोंद जाऊ नये म्हणून आहे तो नियम, आणि योग्यच आहे. पण एप्रिल संपत चालला होता आणि दुकानात वाइंडिंग मशीनवर मांजर झोपत होतं. २६ एप्रिलला त्यानं मला मालक म्हणून घेतलं. ४ मेला मुख्य मालकी माझ्याकडे आली. त्याच दुपारी मी त्याला नोंदीतून काढलं. त्याच्याकडूनच बारामतीची 'शाखा'ही काढून टाकायला लावली. सहा हजार परत मागितले नाहीत. अण्णा म्हणाले, "शिकवणीची फी समज."

या दरम्यान नवऱ्याचा धीर सुटत होता. एका संध्याकाळी बघते तर हा नवीन नोंद करायला बसलेला. "जुनं जाऊ दे, नवं काढू, दोन दिवसांत चालू." मी मोबाइल हिसकावला. जुन्या निलंबित नोंदीचं अपील चालू असताना त्याच दुकानाची दुसरी नोंद काढणं म्हणजे ज्या कारणानं मार खाल्ला तेच पुन्हा करणं. शिवाय त्या १३७ रिव्ह्यूंवर पाणी सोडायचं.

आणि फोन. निलंबन झाल्याचा वास कुठून लागतो कुणास ठाऊक, पण आठवड्यात तीन फोन आले. "गूगलमधून बोलतोय, पाच हजारांत चालू करून देतो, एक कोड येईल तो सांगा." नकाशावरच्या नोंदीचे पैसे लागत नाहीत, आणि तो कोड म्हणजे दुकानाची किल्ली आहे, हे आता सासूबाईंनाही पाठ आहे. तिसरा फोन त्यांनीच घेतला आणि त्याला विचारलं, "तुजं गाव कुठलं रं?" त्यानं फोन ठेवला.

नोंद निलंबित असली तरी तिच्यातली माहिती दुरुस्त करता येते, हे मला पहिल्यांदा माहीत नव्हतं. दुसरं अपील करायच्या आधी मी सगळं सरळ केलं. नाव पाटीसारखं. खूण एसटी स्टँडवरून उचलून आमच्या पत्र्यावर. वेळ सकाळी साडेआठ ते रात्री आठ, गुरुवारी बंद, कारण गुरुवारी लाइट जाते. नवा फोटो काढला, पाटी आणि रस्ता दोन्ही दिसतील असा. वर्णनातून 'नंबर वन' काढलं.

नाकारलेलं अपील पुन्हा तपासायला लावायची सोय असते. ७ मेला मी ती वापरली. या वेळी आधी कागद: शॉप ॲक्टची नवी पावती, दुरुस्त केलेलं उद्यम, चालू महिन्याचं लाइट बिल, मागे दूध नसलेलं. तिन्हींवर पत्ता एकच. वर चार ओळींत लिहिलं की नाव कुणी, का वाढवलं, आता काय केलं, आणि बिल ज्यांच्या नावावर आहे तेच पावतीवर मालक आहेत. रडगाणं नाही लिहिलं. तारखा लिहिल्या.

१९ मेला मंजुरीची मेल आली. खाली आणखी एक पायरी होती: व्हिडिओनं पडताळणी.

व्हिडिओ आधी काढून ठेवलेला चालत नाही, तिथल्या तिथे काढायचा. एका दमात, मध्ये न थांबता, निदान तीस सेकंद. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: जागा कुठे आहे, धंदा खरंच आहे का, आणि तो तुमच्याच ताब्यात आहे का. माणसांचे चेहरे आणि खाजगी कागद येऊ द्यायचे नाहीत. ऐकायला सोपं आहे.

पहिल्या वेळी मी रस्त्यावरून सुरू केलं, गॅरेज दाखवलं, पाटी दाखवली, आणि अण्णा मध्ये येऊन म्हणाले, "काय शूटिंग चाललंय?" गेला. दुसऱ्या वेळी शटरच्या कुलपात किल्ली अडकली. तिसऱ्या वेळी सगळं छान झालं आणि चढवताना नेटवर्क गेलं. चौथ्या वेळी नवऱ्यानं अण्णांना चहाला नेलं. मी रसवंतीपासून चालत आले, खताच्या दुकानाची पाटी, मग आमची. एका हातानं कुलूप काढलं, शटर ढकललं. आत वाइंडिंग मशीन, तारेची रिळं, लेदरॉइड कागदाचा गुंडाळा, व्हार्निशचा डबा, भट्टी. मग मी मशीनचं हँडल धरून दोन वेढे फिरवले, म्हणजे ताबा कुणाचा ते दिसावं. शेवटी गल्ला उघडला. त्यात चाळीस रुपये आणि एक साखरेची पुडी होती. एक मिनिट चाळीस सेकंद. गेला.

उत्तराची वाट बघत असतानाच आभाळ फाटलं.

ज्यांना तो मे आठवत असेल त्यांना सांगायला नको. मॉन्सून २४ मेला केरळात आणि २६ ला मुंबईत पोचला, इतक्या लवकर तो येत नाही. त्याच दिवसांत बारामती, इंदापूर आणि आमच्या फलटणला असा पाऊस झाला की तिकडे बारामतीत नीरा डावा कालवा फुटला. आमच्या दुकानासमोरून गुडघाभर पाणी चाललं होतं. ज्या विहिरी कोरड्या म्हणून मोटरी जळत होत्या त्या काठोकाठ. एका आठवड्यात आमचा सीझन संपला. नवरा दाराशी उभा राहून पाणी बघत होता आणि काही बोलत नव्हता.

२७ मेला मेल आली. नोंद सुरू.

मी नकाशा उघडला. रसवंती, आम्ही, खताचं दुकान. नाव छोटंसं, पाटीएवढंच. रिव्ह्यू मात्र शून्य दिसत होते. माझ्या पोटात गोळा. चार दिवसांनी हळूहळू परत आले, १३७ पैकी १३५. जे दोन गेले त्यातला एक त्या पोरानं स्वतःच लिहिलेला असावा, असा मला संशय आहे.

३० तारखेला सकाळी एक टेम्पो दुकानासमोर लागला. मागे चिखलानं माखलेल्या तीन मोटरी. नदीकाठच्या होत्या, पाण्याखाली गेलेल्या. भिजलेली मोटर जळालेलीच असते असं नाही. खोलायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, भट्टीत वाळवायची, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून बघायची. इन्सुलेशन टिकलं असेल तर व्हार्निश देऊन परत. नवऱ्याच्या तोंडावर दीड महिन्यानं जान आली. संध्याकाळपर्यंत आणखी पाच आल्या.

मी टेम्पोवाल्या शेतकऱ्याला विचारलं, आता सवयच लागलीय ती, "दादा, दुकान कसं सापडलं? मोबाइलवरून?"

"मोबाइल कुठला ताई? तीन दिस लाइट न्हाय, चार्जिंगच न्हाय. कोळकीत इचारलं, मोटरवाले अण्णा कुठं बसत्यात."

अण्णा आत मोटर खोलत होते. ऐकलं असणार, पण त्यांनी वर बघितलं नाही. मी नव्या बिलबुकातलं पहिलं पान उघडलं आणि तीन मोटरींची पावती केली.